जळालेल्या दाण्याचा खर्च

इनामगावच्या लोकांच्या खाण्याची यादी देशभरातल्या कितीतरी मुलांनी पाठ केली आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ती बरीच वर्षं होती. गहू, सातू, तांदूळ, कडधान्यं, भरड धान्यं, वाटाणे, तीळ. ज्यांची हाडं सापडली ते प्राणी म्हणजे गुरं, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, सांबर, चितळ, काळवीट, ससे. शिवाय मासे, खेकडे, कासवं, अगदी मगरसुद्धा. वर बोरं, आवळे, जांभळं आणि खजूर. पुस्तकात हे सगळं चार-सहा ओळींत आटोपतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास एक गाव वसलं आणि ७०० च्या सुमारास ओस पडलं. त्याच्या नऊशे वर्षांच्या पोटापाण्याचा हिशेब एवढाच.

या यादीतल्या एकेका शब्दापायी कुणाची तरी कित्येक वर्षं गेली आहेत, आणि त्या वर्षांचा पगार कुणीतरी दिला आहे. प्राचीन माणूस काय खात होता हे कुतूहल सगळ्यांना असतं. ते शोधायला पैसा नेमका कशावर लागतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. उत्खनन म्हटलं की डोळ्यांसमोर कुदळ, घमेली, मजूर आणि तंबू येतात, आणि खर्च म्हणजे तोच असं वाटतं. अन्नाच्या बाबतीत तंबू उठल्यावरच खरा खर्च सुरू होतो.

यादीतला एकच शब्द घेऊ, सातू. आज सातूचं पीठ म्हणून बहुतेक घरांत गहू आणि डाळं दळतात. खऱ्या सातूचा, म्हणजे जवाचा दाणा पुष्कळांनी पाहिलेलाही नसतो. इनामगावकरांचं मात्र ते महत्त्वाचं पीक होतं. आपल्याला ते कळलं चुलीमुळे. धान्य भाजताना चार दाणे उडतात, निखाऱ्याखाली राखेत दबतात. तिथे त्यांना पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून त्यांची राख न होता कोळसा होतो. या कोळशाला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही, मुंगी तो ओढून नेत नाही. घर पडतं, वर माती चढते, गाव उठून जातं, गावकरी त्या जागेला पांढरी म्हणू लागतात, आणि दाणा तीन हजार वर्षं तसाच राहतो. म्हणजे जे खाल्लं ते संपलं, आणि जे हातून सांडलं, करपलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं. पुरातत्त्वज्ञाच्या वाट्याला येतो तो तोंडी न लागलेला घास.

तो मातीतून वेचायचा कसा? नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि चाळणीत घासला तर भुगा होतो. त्यासाठी पाण्याचा उपाय आहे. तांदूळ धुताना कोंडा आणि पोचट दाणे वर येतात, तेच तत्त्व. चुलीतली, कणगीच्या तळातली, पेवातली माती मोजून घ्यायची, पाण्याच्या टाकीत सोडायची आणि हाताने अलगद ढवळायची. माती खाली बसते, कोळसा तरंगतो. वरचं पाणी अगदी बारीक जाळीवर ओतून घ्यायचं. जाळीवर जे काळं उरतं ते कापडात बांधून सावलीत वाळवायचं, कारण उन्हात ते तडकतं. एवढ्या सगळ्याला एक टाकी, एक जाळी आणि भरपूर पाणी लागतं. कुठल्याही खेड्यात जमेल असं हे काम आहे.

या साध्या युक्तीने किती फरक पडतो याचं एक ठळक उदाहरण पुरातत्त्वज्ञ आजही सांगतात. इराणच्या नैऋत्य भागात, देह लुरानच्या मैदानात अली कोश नावाचं टेकाड आहे. शेतीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं ते खेडं. फ्रँक होल आणि केंट फ्लॅनरी यांनी १९६१ मध्ये तिथे खोदलं आणि वनस्पतींचे अवशेष फारसे नाहीत असं लिहिलं. १९६३ मध्ये ते परत गेले, तेव्हा त्यांनी माती पाण्यात घातली. चाळीस हजारांहून अधिक बिया निघाल्या. टेकाड तेच, माणसंही तीच. पहिल्या वेळचं आपलं विधान साफ चुकीचं होतं असं त्यांनी मोकळेपणाने छापलं. १९६१ नंतर त्यांना पुन्हा जायला पैसे मिळाले नसते, तर अली कोशच्या लोकांना धान्याची फारशी ओळख नव्हती असंच पाठ्यपुस्तकांनी सांगितलं असतं.

वेचलेला दाणा ओळखणं ही त्यापुढची पायरी, आणि खर्च खरा इथे आहे. जळताना दाणा फुगतो, त्याचं टरफल जातं, कोंब झडतो. गहू आणि सातू दोन्ही काळे आणि दोन्हींच्या पोटावर खाच. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सातू दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे रुंद दिसतो. गव्हाचं टोक बोथट असतं आणि पाठीला उंचवटा. सातूचे काही दाणे एका बाजूला किंचित पिळलेले असतील तर तो सहा ओळींच्या कणसाचा. पण असे नमुनेदार दाणे थोडेच असतात. बाकीचे तुटलेले, फुटलेले, अर्धवट. त्यांच्यासाठी आजचे दाणे मुद्दाम भट्टीत जाळून शेजारी ठेवावे लागतात, आणि तेही एकाच वाणाचे पुरत नाहीत. मसूर, लाख, हुलगा, वाल, मूग, उडीद आणि शेतातल्या तणांच्या बिया अशा सगळ्यांचा संग्रह करावा लागतो. तणसुद्धा महत्त्वाचं, कारण शेत ओलिताचं होतं की कोरडवाहू हे ते सांगतं. असा संग्रह करायला दहा-वीस वर्षं लागतात आणि त्यावर नजर बसायलाही तेवढीच. एक तज्ज्ञ निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही, तर ती नजर त्याच्याबरोबर जाते.

इनामगावच्या बाबतीत नशीब चांगलं होतं, आणि दूरदृष्टीही होती. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा हसमुख सांकलिया तिथे आले. जोर्वे, नेवासे, मध्य प्रदेशातलं नावडातोली अशी एकेक ताम्रपाषाणयुगीन वसाहत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणली. नावडातोलीचं धान्य ओळखण्यासाठी लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेतल्या विष्णु मित्रे यांच्याकडे गेलं. म्हणजे तोवर पुण्याच्या लोकांनी खोदायचं आणि दाणे लखनौला पाठवायचे, असा प्रकार होता. इनामगावचं काम १९६८ मध्ये सुरू झालं आणि सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली जवळपास दीड दशक चाललं. या काळात धान्य, हाडं आणि सांगाडे पाहणारी माणसं हळूहळू एकाच संस्थेत आली. मुकुंद काजळे वनस्पतींचे अवशेष पाहत, पी. के. थॉमस प्राण्यांची हाडं, सुभाष वाळिंबे माणसांची. त्यांना पगार होता, टेबल होतं, नमुन्यांची कपाटं होती. अहवाल १९८८ मध्ये निघाला, म्हणजे पहिल्या कुदळीनंतर वीस वर्षांनी. तीन वर्षांत निकाल मागणाऱ्या अनुदानातून हे काम उभं राहिलंच नसतं. ते झालं सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या आणि माणसं टिकवून ठेवणाऱ्या संस्थेमुळे.

त्या चिकाटीतून हाती काय आलं ते पाहण्यासारखं आहे. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं. त्याला धान्याचं कोठार होतं, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक माणूस पुरलेला होता. गावात पाण्यासाठी कालवा आणि बांध बांधलेले होते. ज्या गावात कोठार एका घरापाशी आणि पाणी सगळ्यांचं, तिथे धान्य कोण गोळा करत होतं, कुणाला वाटत होतं, असे प्रश्न आपोआप उभे राहतात. पुढे इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या थरांत चित्र पालटतं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, गहू मागे पडतो, हरणांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी याचा संबंध पाऊस कमी होण्याशी आणि मेंढपाळीकडे वळण्याशी लावला. घोडनदीच्या काठाने आजही धनगरांचे वाडे उतरतात, त्यामुळे ही कल्पना मनाला लगेच पटते.

मात्र इनामगावची कहाणी तिथे संपली नाही. तिथे घरांच्या जमिनीखाली पुरलेली पुष्कळ लहान मुलं सापडली होती, आणि त्यांचे सांगाडे जपून ठेवले होते. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासिकेने इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या हाडांची मापं घेऊन २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. उत्तरकाळातल्या मुलांच्या वाढीवर उपासमारीचा ताण दिसतो, पण त्याचं सारं खापर पावसावर फोडता येत नाही, असं तिचं म्हणणं. हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यात महत्त्वाची वाटते ती खोक्यांची गोष्ट. उत्खनन थांबून पाव शतक उलटल्यावर कुणीतरी नवा प्रश्न घेऊन आलं, तेव्हा ती इवलीशी हाडं चिठ्ठीसकट जागेवर होती. कोरडी खोली, उंदीर-वाळवीपासून बचाव आणि नोंदवही सांभाळणारा माणूस यांच्यासाठी खर्चाचं वेगळं कलम कुठल्याही उत्खननाच्या प्रस्तावात सहसा दिसत नाही.

पैसा कुठून येतो याची वाटही मोठी वळणाची आहे. इनामगावच्या दाण्यांचं वय कळलं ते कार्बन-१४ पद्धतीने, आणि त्याची भारतातली पहिली महत्त्वाची प्रयोगशाळा १९६० च्या दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालत होती. शीला कुसुमगर आणि डी. पी. अग्रवाल यांनी तिथे देशभरच्या उत्खननांतला कोळसा मोजला. ती प्रयोगशाळा पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. पहिली संस्था अणुऊर्जा विभागाच्या पैशावर चालते, दुसरी अंतराळ विभागाच्या. आपले पूर्वज कधी सातू पेरत होते हे अणू आणि अंतराळाच्या खात्यांनी आपल्याला सांगितलं, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. त्या काळी तारीख काढायला मूठभर कोळसा लागायचा. आता प्रवेगक यंत्राने एकाच दाण्याची तारीख निघते, आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रात ती सोय आहे. याने मोठा फरक पडतो. उंदराच्या बिळातून, घुशीच्या उकिरातून वरच्या थरातला दाणा खालच्या थरात सहज उतरतो. शेजारच्या कोळशाची तारीख त्याला लावली तर एखादं पीक हजार वर्षांनी जुनं ठरायचं.

जगात इतरत्र या प्रश्नाला पैसा कसा मिळाला? इराकच्या कुर्दी डोंगराळ भागात जार्मो इथे रॉबर्ट ब्रेडवुड शेतीचा आरंभ शोधत होते. १९५४-५५ च्या हंगामासाठी त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचं अनुदान मिळालं, तेव्हा ते प्रतिष्ठान अवघ्या चार वर्षांचं होतं. त्या पैशातून ब्रेडवुड यांनी भूगर्भशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांना आपल्याबरोबर थेट टेकाडावर नेलं. विज्ञानाच्या थैलीतून पैसा आल्यामुळे पुरातत्त्वाच्या तंबूत वैज्ञानिक आले. इंग्लंडमध्ये १९६७ साली ब्रिटिश अकादमीने केंब्रिजला एरिक हिग्ज यांच्या हाताखाली शेतीच्या आरंभावरचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्यातली मला आवडणारी गोष्ट ही की तो पैसा एखाद्या स्थळाला दिलेला नव्हता, प्रश्नाला दिलेला होता. प्रश्न हाती असल्यामुळे ती मंडळी एका टेकाडाला बांधलेली नव्हती. दाणे तरंगवायचं फेस उडवणारं यंत्र त्याच प्रकल्पात तयार झालं.

आपल्याकडे गेल्या वीस वर्षांत अन्नाच्या शोधात जे नवं झालं, त्यातला बराच भाग परदेशी पैशाच्या आधाराने झाला. हरियाणातल्या फरमाणा इथे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. त्यात जपानमधल्या क्योटोच्या मानव आणि निसर्ग संशोधन संस्थेचा मोठा सहभाग होता. तिथल्या भांड्यांवरच्या आणि माणसांच्या दातांवरच्या थरात अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना आलं आणि हळद यांच्या पिष्टकणांच्या खुणा मिळाल्या. सिंधू संस्कृतीतल्या कुणाच्या तरी दाढेत अडकलेली हळद! पुढे केंब्रिज आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या मंडळींनी राखीगढीच्या आसपासच्या खेड्यांत काम केलं. त्यातल्या एका मोठ्या टप्प्याला युरोपीय संशोधन परिषदेचा पैसा होता. अक्षयेता सूर्यनारायण यांनी वायव्य भारतातल्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशांचं पृथक्करण करून २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात डुक्कर, गाय-म्हैस आणि शेळी-मेंढी यांच्या मांसाच्या, आणि काही भांड्यांत दुधाच्या खुणा होत्या. कच्छमधल्या कोटडा भडली इथलं उत्खननही डेक्कन कॉलेजचं. तिथल्या खापरांवर कल्याण शेखर चक्रवर्ती यांनी कॅनडात काम केलं, आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे दूध नुसतं प्यायलं जात नव्हतं, त्यावर प्रक्रियाही होत होती, हे २०२० मध्ये जगापुढे आलं. खापर आपलं, खोदणारे हात आपले, अभ्यासकही बहुतेक आपलेच. यंत्र आणि त्यामागचा पैसा मात्र तिकडचा. सहकार्य हवंच, त्याने काम पुढे जातं. पण कुठला प्रश्न आधी विचारायचा हे पैसा देणारा ठरवतो. सिंधू संस्कृतीबद्दल जगभर उत्सुकता आहे. भीमेच्या, गोदावरीच्या, तापीच्या काठच्या खेड्यांत लोक काय शिजवत होते, याची काळजी आपण नाही तर कोण करणार?

घरचा हिशेब काही सुखाचा नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या आपल्या अहवालात दाखवून दिलं की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं आपल्या एकूण खर्चातला एक टक्कासुद्धा शोध आणि उत्खननावर खर्च करत नव्हतं. अहवाल न लिहिलेल्या उत्खननांची यादी वेगळी. सर्वेक्षण खात्याकडे हजारो स्मारकांची देखभाल आहे, पडक्या भिंतींना टेकू द्यावाच लागतो, हे मान्य. तरीही त्या एक टक्क्याच्या आत खोदणं, आणि खोदण्यातून उरेल त्यात दाणे आणि हाडं, हे गणित विषण्ण करणारं आहे. त्यात आणखी एक अडचण. उत्खननाचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. अनुदान उशिरा आलं की ते घाईने खर्च करावं लागतं, आणि घाईने खर्च करता येतो तो मजुरीवर, गाड्यांवर, सामानावर. मातीच्या पिशव्या पावसाळाभर निवांत बसून पाहणाऱ्या माणसाचा पगार घाईने खर्च करता येत नाही.

यातून जी माती न पाहता राहते, तिच्यात आपल्या ताटातले प्रश्न आहेत. भाकरीचंच घ्या. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. ती समुद्रापलीकडून इथे आली आणि आज त्यांच्याशिवाय मराठी माणसाला आपली ओळख सांगता येत नाही. ती नेमकी कधी आली? दख्खनच्या आणि इतर जुन्या उत्खननांतून त्यांच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांतल्या काही पुढे अभ्यासकांनी शंकास्पद ठरवल्या. कुठे दाण्याची ओळख चुकली होती, कुठे दुसरंच तृणधान्य होतं, कुठे दाणा वरच्या थरातून आलेला असू शकत होता. उत्तर शोधायचे मार्ग आता हाताशी आहेत. गहू, सातू, तांदूळ एका रीतीने हवेतला कार्बन घेतात, ज्वारी, बाजरी, नाचणी दुसऱ्या रीतीने. हा फरक खाणाऱ्याच्या दातांच्या कठीण कवचात उतरतो आणि तिथे टिकून राहतो. म्हणजे एखाद्या घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसाची एक दाढ नीट मोजली, तर तो लहानपणी कोणत्या प्रकारच्या धान्यावर वाढला याचा अंदाज येतो. आणि त्याच घराच्या चुलीतला ज्वारीचा म्हणून वेगळा ठेवलेला एक दाणा प्रवेगकावर घातला, तर त्याची स्वतःची तारीख मिळते.

असा दाणा कुठे असेल तर तो एखाद्या मांडणीवरच्या कापडी पिशवीत आहे. पिशवीच्या तोंडाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, खड्डा, थर, घर आणि तारीख लिहिलेली असते. ती पिशवी उघडायची, चमचाभर काळा भुगा काचेच्या बशीत पसरायचा, दिवा डावीकडून घ्यायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारत जायचं. दिवसभरात असे दोन-तीन चमचे होतात. चिठ्ठीवरची शाई फिकट होण्याआधी तिथे कुणाला तरी नेमणूक मिळायला हवी.